पित्त समजून थांबू नका

अंगावर गांधी उठल्या की आम्ही ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो. बहुधा तेवढ्यावर भागतं. पण कोळंबी, शेंगदाणे, मधमाशीचा डंख किंवा एखाद्या औषधानंतर काही मिनिटांत जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली, तर ते पित्त नव्हे. ती जीवघेणी ॲलर्जी. तिच्यावर पहिलं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ॲलर्जीची गोळी इथे पुरत नाही. लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसवावं, पण चालवू नये. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबावं. त्रास उलटू शकतो. दुआ आम्ही करतोच. ती गाडीत बसूनही करता येते. आणि पुढच्या दावतीत मेहमानांना आग्रह करण्याआधी एकदा विचारू.