रिळावरचा आकडा कोरडा की ओला?

समुद्रात गळ टाकण्यासाठी तंगूस घ्यायला गेलात की रिळावर '२० पौंड' असं काहीतरी छापलेलं दिसतं. संशोधनाची तयारी करताय ना? मग आधी विचारा, हा आकडा कुठल्या स्थितीत मोजलाय?

नायलॉन पाणी शोषतं. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल करतात आणि ओल्या दोऱ्याची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते. म्हणूनच माशांच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए (स्थापना १९३९) दोऱ्याचा नमुना मागवते आणि तो भिजवूनच तोडून बघते. मला ही शिस्त फार आवडते.

पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी पाणी शोषत नाही, शिवाय तेवढ्याच जाडीत कितीतरी मजबूत. मग तीच घ्यायची? थांबा. कातळावर घासली की ती लवकर तुटते, आणि गुळगुळीत असल्याने साधी गाठ निसटते. त्यामुळे खडकाळ किनाऱ्यावर रिळावर विणलेली दोरी ठेवून गळाकडच्या टोकाला एक-दोन मीटर जाड फ्लुरोकार्बन जोडतात.

आता त्या जोडगाठीची ताकद? ती रिळावर छापलेली नसते. गाठ बादलीत भिजवा, तानकाट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा. दहा तरी गाठी तोडा, आणि सरासरीसोबत सगळ्यात कमी आलेला आकडाही वहीत लिहा.