बाहुल्यांची सुटका-सेना आणि तिची धून

१९६३च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडे इथे लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. २९ कामगार दगावले. पण शेवटचे ११ जण दोन आठवड्यांनी जिवंत वर आले! ही बातमी ऐकून ब्रिटनच्या जेरी अँडरसन यांना सुचलं, कुठल्याही संकटात झटपट धावून जाणारं एक पथक असावं. १९६५ मध्ये ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची विज्ञानमालिका आली ती त्यातून.

तारांवरच्या या बाहुल्यांना धड चालता येत नसे, म्हणून त्यांना सारखं यानांत बसवलं जाई. डोक्यात बसवलेल्या विद्युतचुंबकाने ओठ हलत, चेहरा मात्र फारसा हलत नसे. भीती, घाई, सुटकेचा आनंद, सारं बॅरी ग्रे यांच्या संगीतावर सोपवलेलं. तिकडे त्या वेळची मुलं आज आजी-आजोबा झाली, पण ती धून विसरली नाहीत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला याच संगीताची मैफल झाली.

आम्ही वर्गात ‘हिरोचं चित्र काढा’ म्हटलं, की बहुतेक कागदांवर बंदूक उमटते. ‘थंडरबर्ड्स’मधल्या पाच ट्रेसी भावांचं काम होतं अडकलेल्यांना बाहेर काढण्याचं, आणि घराघरातली पोरं त्यासाठीच श्वास रोखून बसत.