एकाच नावाची चार लेकरं गावात असली तर बिघडतं काय? बारशाआधी एवढं बघा

नांदेड / लातूर : पाळणा बांधायच्या आधी आजकाल घरोघरी एक वाद ठरलेला असतो. आजीला पंचांगातल्या अक्षराचं नाव हवं असतं. आत्याच्या मोबाइलमध्ये नव्या नावांची यादी तयार असते. आणि आई-बाप म्हणतात, "हे नाव नको, गल्लीत आधीच तीन आहेत." शिवांश, राजवीर, स्वराज, आरोही अशी चांगली नावं केवळ 'लई झाली' म्हणून मागं पडतात. मग नाव किती जणांचं आहे, हे बघायचं का? बघायचं, पण हौसेसाठी नाही, कागदासाठी.

नाव पसरतं ते उगाच नाही

आपल्या भागात जी नावं जास्त दिसतात, त्यामागं काहीतरी कारण असतं. माहूरच्या देवीमुळं रेणुका, माळेगावच्या खंडोबामुळं खंडेराव आणि मल्हारी, लातूरच्या ग्रामदैवतामुळं सिद्धेश्वर. लिंगायत घरांत मन्मथ स्वामींमुळं मन्मथ आणि महात्मा बसवेश्वरांमुळं बसवराज.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम, यशोधरा ही नावं गावोगावच्या वस्त्यांत घुमू लागली. एका वस्तीत चार सिद्धार्थ निघाले म्हणून कुणाला कमीपणा वाटला नाही. ती नवी ओळख होती आणि सगळ्यांनी मिळून घेतली होती.

नांदेडला तर याहून मोठं उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. गुरु गोविंदसिंगजींनी १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना केली. तेव्हापासून पुरुषाच्या नावात सिंग आणि बाईच्या नावात कौर लावण्याची परंपरा आहे. सगळ्यांना एकसारखं नाव, म्हणजे कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, हा त्यामागचा विचार.

दुसऱ्याचं नाव घेतलं म्हणून माणूस झाकून जातो, असंही नाही. सचिन तेंडुलकर यांचं नाव वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं. नाव आधी दुसऱ्याचं होतं, पण आज 'सचिन' म्हटलं की आधी कोण आठवतं?

उलट नाव वेगळं आहे म्हणून ते चांगलंच, असंही नसतं. सातारा जिल्ह्यात मुलगी नको होती म्हणून कितीतरी मुलींची नावं 'नकुशा' ठेवली गेली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. ते नाव फार जणींचं होतं की थोड्या जणींचं, हा प्रश्नच नव्हता. त्याच्या अर्थानं पोरींना जन्मभर टोचलं होतं.

खरी अडचण कुठं येते

अडचण येते ती गावातल्या गावात, भावकीत. आपल्याकडं एकाच आडनावाची निम्मी-अर्धी गावं आहेत. समजा, एकाच भावकीतल्या दोन घरांत दोन माधव आहेत आणि दोघांनीही पोराचं नाव शिवराज ठेवलं. आता पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही जुळले. शाळेत मास्तर 'मोठा शिवराज, धाकटा शिवराज' करून भागवतात. पण वीस-पंचवीस वर्षांनी सातबारा, फेरफार, सोसायटीचं कर्ज, मतदार यादी इथं मोठा-धाकटा लिहिलेलं नसतं. एकाची नोटीस दुसऱ्याच्या दारात जाते. आधारला नंबर असतो, पण जमिनीची जुनी नोंद नावावरच चालते. मग 'तो मी नव्हेच' हे सांगायला तलाठ्याकडं चकरा सुरू होतात.

यावर थोडा उतारा मिळाला आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी राज्यात आईचं नाव लावणं बंधनकारक आहे. क्रम असा : लेकराचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यामुळं वरच्या उदाहरणातले दोन शिवराज आईच्या नावावरून वेगळे ओळखू येतील. तरीही घरात, सोसायटीत, बाजारात तीनच नावं चालणार, हे लक्षात ठेवा.

फार वेगळ्या नावाचाही त्रास

गल्लीत कुणाचंच नसलेलं नाव शोधायच्या नादात उच्चाराला अवघड नाव ठेवलं, तर दुसरीच डोकेदुखी. दवाखान्यात एक लिहितात, अंगणवाडीत दुसरं, शाळेत तिसरं. इंग्रजीत एखादं अक्षर कमी-जास्त झालं की आधार आणि शाळेचा दाखला जुळत नाही. आधारवरचं नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, सरकारी नोकरी यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरलं जातं. म्हणून त्यावरचं नाव पहिल्याच वेळी बरोबर पाहिजे.

नाव पक्कं करण्याआधी

– भावकीत आणि गावात नाव, बापाचं नाव, आडनाव तिन्ही जुळणारं कुणी आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. असेल तर दुसरं नाव बघा. नुसतं नाव जुळत असेल तर काळजीचं कारण नाही.

– मोबाइलवरच्या 'टॉप' यादीकडं बघून नाव टाळू नका. दिल्ली-मुंबईत हजार आरोही असतील, तुमच्या गावात एकही नसेल.

– नाव मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून ठेवा. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, सगळीकडं तेच द्या.

– जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवू नका. नाव १२ महिन्यांच्या आत फुकट टाकता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरावं लागतं.

– नोंद होते ती लेकरू जन्मलं तिथं. बाळंतपण माहेरी किंवा शहरातल्या दवाखान्यात झालं असेल, तर नाव टाकायला तिथल्याच ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेत जावं लागेल. आपल्या गावातून ते होत नाही.

एवढं जमलं की मग आजीचं नाव असो की आत्याच्या मोबाइलमधलं, घरातल्या सगळ्यांच्या तोंडी जे सहज बसतं ते ठेवा. हाक तर घरच्यांनीच मारायची आहे.