फाटकापर्यंतची सोबत

माहीम स्थानकाच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की धारावी सुरू होते. पश्चिमेला दर्गा, सेंट मायकलचं चर्च, कोळीवाडा. पालिकेच्या लेखी हा सगळा एकच जी-उत्तर विभाग. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाळंतिणींची बातमी संपादकांनी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "आपल्याकडे अशा बाईला सोबत कोण करतं?" त्या प्रश्नाचा माग काढत मी इथे आले.

बातमीतले आकडे सुन्न करणारे होते. 2023 साली तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, श्वेतवर्णीय 14.5. या अन्यायाला त्या समाजातल्या बायकांनी फार आधीच उत्तर शोधलं होतं. 1988 साली सॅक्रामेंटोत कॅथरिन हॉल-ट्रूहिल्यो यांनी 'बर्थिंग प्रोजेक्ट' सुरू केला. प्रत्येक गरोदर बाईच्या पाठीशी एक 'सिस्टरफ्रेंड'. आपल्या भाषेत सखी.

धारावीत तिला ताई म्हणतात. मी जिच्यामागून फिरले ती पालिकेची आरोग्य स्वयंसेविका. खांद्याला पिशवी, पिशवीत नोंदवही आणि लोहाच्या गोळ्या. एका खोलीपाशी ती थांबली. वर पोटमाळा, भिंतीला टेकलेली उभी लोखंडी शिडी आणि वर आठवा महिना लागलेली पहिलटकरीण. ताईने आधी तिच्या पायांवर बोट दाबून सूज बघितली. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ नीट हलतं का, हे विचारलं. मग शिडीकडे बघत म्हणाली, "रात्री कळा आल्या तर तुला खाली कोण उतरवणार?"

त्या प्रश्नावर मी अडकले. नाव कुठल्या दवाखान्यात घातलंय, टॅक्सीचे पैसे कुठल्या डब्यात आहेत, नवरा रातपाळीला असला तर दार कोणाचं ठोठावायचं, सगळं त्या शिडीवरून निघालं. उपदेश एकही नाही. निघेपर्यंत शेजारणीने आपणहून सांगितलं, "मला हाक मार."

या कामामागचा मोठा इतिहास शीवच्या पालिका रुग्णालयात सापडतो. नवजात बालकांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली. आजारी होऊन येणाऱ्या बाळांचं दुखणं वस्तीत सुरू होतं हे ओळखून त्यांनी 1999 साली 'स्नेहा' ही संस्था काढली. संस्थेने पालिकेसोबत प्रसूतिगृहं आणि मोठी रुग्णालयं यांच्यातली पाठवणीची साखळी बांधायला घेतली, कारण अडलेली बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यातच वेळ हरते.

'स्नेहा'ने एक धाडसी प्रयोगही केला. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांच्या गटबैठकांनी नवजात मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचं 2004 मध्ये सिद्ध झालं होतं. तीच रीत मुंबईच्या वस्त्यांत आणली. 48 वस्त्या, त्यांतल्या 24 वस्त्यांत सखी गट चालवत. तीन वर्षांत 18,197 जन्मांची नोंद झाली. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आला: गटांमुळे मृत्यू घटले नाहीत. संस्थेने तो लपवला नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो.

असं का झालं असावं? मुंबईत बहुतेक बाळंतपणं रुग्णालयात होतच होती. खोल्या बदलणाऱ्या, गावी जाणाऱ्या बायका गटात टिकणं अवघड. शिवाय दवाखान्याच्या दारात पोचल्यावर मिळणारी सेवा वस्तीतल्या बैठकीच्या हातात नसते. म्हणून मला ती शिडी मोलाची वाटते. बैठक सगळ्यांची असते. शिडी एकाच बाईची असते.

पण ताईची सोबत रुग्णालयाच्या फाटकाशी संपते. कळांमध्ये सतत कोणी जवळ असलं की बाळंतपण लवकर होतं, शस्त्रक्रिया कमी लागते. 26 चाचण्या आणि 15 हजारांहून अधिक बायकांचा अनुभव एकत्र पाहणाऱ्या 2017 च्या आढाव्याने हे दाखवलं आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीला परवानगी दिली, पण ती नात्यातली बाई असावी अशी अपेक्षा. गरोदर बाईची आई गावी, सासू गावी, जाऊ गावी. कळा तर धारावीत येतात.

ताईचं स्वतःचं कामही अधांतरी आहे. 'स्वयंसेविका' या शब्दाआड पगाराऐवजी मानधन येतं. किमान वेतनासाठी, भविष्य निर्वाह निधीसाठी या बायकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. शिवाय धारावीचा पुनर्विकास समोर उभा आहे. घरं हलतील, शेजार विखुरतील, आणि हाकेला येणारी ती शेजारीण कुठल्या इमारतीत जाईल कोण जाणे.

त्या पहिलटकरणीचे दिवस भरत आले आहेत. शिडी धरायला आता माणूस आहे. पुढे प्रसूतिकक्षात तिचा हात धरायलाही कोणी असायला हवं. ताईला नियमित पगार द्या, आणि तिच्या ओळखपत्रावर एक ओळ छापा: हिला आत सोडा.