जुनी पेटी आणि फेटाळलेला दावा

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याने पाठविलेली बिडाची पंप-केसिंगे वाटेत फुटली, आणि पेट्या पूर्वी वापरलेल्या, सबब वेष्टन अपुरे, एवढ्या शेऱ्यानिशी त्यांचा विम्याचा दावा फेटाळला गेला. त्या निर्णयाविरुद्धचा फेरविचाराचा अर्ज कसा सिद्ध होतो, हे तेथील डिस्पॅच विभागात बसून पाहण्याचा योग मला आला.

वाहतूक विम्याच्या करारात वगळलेली असते ती अपुऱ्या वा अयोग्य वेष्टनाने ओढवलेली हानी. पेटी कितव्यांदा वापरली, याची त्या कलमात चौकशी नाही. मोटारधंद्यात तर रिकामे क्रेट परत आणून पुन्हा भरण्याचा प्रघातच आहे. तेव्हा पुनर्वापर हाच अपराध मानणे मला अन्यायाचे वाटते.

फुटलेली पेटी दुरुस्त न करता तशीच राखून ठेवलेली होती. तिच्या एका बाजूस, तळापासून वीतभर उंचीवर, फोर्कलिफ्टच्या काट्याएवढी चपटी खाच होती आणि फळीच्या चिरफळ्या आतल्या अंगास वळलेल्या होत्या. आतील माल हलून पेटी फुटली असती, तर त्याच फळ्या बाहेर उचकटल्या असत्या. खाचेच्या नेमक्या समोर केसिंगची फ्लँज तुटलेली, कारण बीड दाब सोसते पण आघाताने तडकते. सुपरवायझरने खाचेवर पट्टी धरून छायाचित्रे घेतली, फळ्या व कोपऱ्याच्या पट्ट्या केव्हा बदलल्या ती नोंदवही काढली, आणि त्याच ट्रकमधून गेलेल्या तितक्याच जुन्या पेट्या शाबूत उतरल्याचा शेरा असलेल्या बिल्टीची नक्कल जोडली.

पुठ्ठ्याची गोष्ट निराळी. दमट हवेत तो ओल धरतो, भार पेलण्याची त्याची शक्ती घटते आणि मोडलेली घडी पूर्ववत होत नाही. म्हणून एका जुन्या खोक्यातील सुट्या भागांची मागणी मालकांनी आपण होऊन सोडली. अर्जातला तोच परिच्छेद मला सर्वांत बळकट वाटला.

वाहतूकदाराला वेगळी नोटीस गेली. २००७ च्या रस्ता-मालवाहतूक कायद्याप्रमाणे त्याच्यावर दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत ती द्यावी लागते. त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार मात्र मालधन्यावर नसतो. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद लागली नाही, तर सूक्ष्म उद्योगाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते, हेही मालकांनी टिपून ठेवले होते.

अर्जाच्या अखेरीस त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: सर्वेअरच्या अहवालाची नक्कल मिळावी, आणि पेटीचा नेमका कोणता दोष फ्लँज तुटण्यास कारण झाला, ते कंपनीने लेखी कळवावे.