कानाची साक्ष: ऑरल एक्सायटरची परीक्षा

तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्टुडिओतल्या यंत्रावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटलं असेल. आम्हालाही वाटलं होतं. पण झालं असं, की आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्यात छोटासा मास्टरिंग स्टुडिओ आहे. त्याच्याकडे एका दिवंगत गायकाच्या खासगी मैफलीची स्पूल टेप आली, 1960च्या दशकातली. घरच्यांना ती प्रसिद्ध करायची होती. आवाज मात्र गोधडीखालून आल्यासारखा. त्याने कुठूनसा एक जुना ऑरल एक्सायटर मिळवला आणि आम्हाला फोन केला. "सर, तुम्ही आम्हाला प्रमाणशास्त्र शिकवलंत. आता या डब्याचं प्रामाण्य काय, ते येऊन सांगा."

गेलो. आज त्याच परीक्षेची हकिगत सांगायची आहे.

आधी मास्टरिंग म्हणजे काय, ते थोडक्यात. गाणं मुद्रित झालं, वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र मिसळून झाले, की प्रसिद्धीपूर्वी त्यावर शेवटचा हात फिरतो. एकूण पातळी, वरच्या-खालच्या पट्ट्यांचा तोल, दोन गाण्यांमधली सुसंगती हे सगळं तिथे ठरतं. त्यानंतर श्रोताच. म्हणून इथली चूक दुरुस्त करायला पुढे कोणी नसतं.

आता यंत्र. अमेरिकेतल्या अफेक्स कंपनीने 1970च्या दशकाच्या मध्यात ते आणलं, आणि सुरुवातीला ते विकतच नव्हते. भाड्याने द्यायचे, आणि भाडं कसं, तर तयार ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक मिनिटाला 30 डॉलर. म्हणजे 40 मिनिटांच्या तबकडीला 1200 डॉलर! त्याच्या जन्माची कथा अशी सांगतात, की संच जोडताना एका बाजूची जोडणी चुकली, त्या बाजूने आवाज फाटका येऊ लागला, आणि तो फाटका आवाज चांगल्या आवाजात किंचित मिसळला तेव्हा सगळंच अधिक जिवंत वाटलं. कथा खरी असो वा रचलेली, यंत्राचं मर्म तिच्यात नेमकं आलं आहे.

इक्वलायझर काय करतो? टेपवर जे आहे तेच वाढवतो किंवा घटवतो. टेपच्या प्रतीवरून प्रत काढत गेलं की वरच्या पट्टीतला तजेला आधी जातो. तो गेल्यावर इक्वलायझरने वरची पट्टी उचलली, तर हाती लागते ती मुख्यतः टेपची सरसर. एक्सायटरची रीत वेगळी. आलेला आवाज तो दोन वाटांनी पाठवतो. एक वाट सरळ. दुसऱ्या वाटेवर गाळणी असते, ती फक्त वरचा भाग पुढे जाऊ देते, आणि त्या भागात मुद्दाम विकृती घडवली जाते. विकृती म्हणजे नवे सहायक नाद. 3000 हर्ट्‌झचा नाद आत गेला, तर 6000 आणि 9000चे नाद त्याच्यासोबत बाहेर येतात. हे मिश्रण अगदी हलक्या मात्रेत मूळ आवाजात परत सोडतात. म्हणजे जे टेपवर उरलेलंच नाही, ते इथे नव्याने घडवलं जातं.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे परकं वाटू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावतो तेव्हा तारेतून असेच वरचे नाद फुलतात. सी. व्ही. रामन यांनी 1921च्या निबंधात दाखवलं होतं, की तार जिथे छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे सहायक नाद उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात. कारण घोडीचा वक्र माथा. पण फरक लक्षात घ्या, जवारी गायकाच्या समोर, त्याच्या संमतीने लागते. गायक हयात नसताना त्याच्या गळ्याला जवारी लावायची का, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

पहिल्याच दिवशी फजिती झाली, ती लपवत नाही. विद्यार्थ्याने बटण फिरवायला घेतलं. आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. "थोडं अजून... हां, आता सारंगीला धार आली," आम्ही म्हणालो. तोही मान डोलवत होता. दहाएक मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की यंत्र बायपासवर आहे. आवाज त्याच्यातून जातच नव्हता. दोघांनी मिळून शून्याची धार ऐकली होती!

वर्गात आम्ही हा वाद वर्षानुवर्षं शिकवला. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य दुसऱ्या कशावरून तरी कळतं. पाणी दिसलं ते खरं की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरतं. स्टुडिओत बसलेला प्रत्येक माणूस जन्मजात मीमांसक असतो, असं आता आमचं मत आहे. बायपासचं बटण हे आमचं बाधक ठरलं. त्या दिवसापासून आम्ही न्यायाच्या बाजूला गेलो.

मग परीक्षा नीट मांडली. पहिली अट पातळीची. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवलं, की आवाजाची पातळी बदलली की कानाची वेगवेगळ्या पट्ट्यांबद्दलची संवेदनशीलताही बदलते. मोठा आवाज अधिक भरीव भासतो. एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. एक्सायटर तर वरचे नाद घालतो, म्हणजे थोडीफार पातळी वाढवतोच. साध्या काट्यावर ती वाढ जेमतेम दिसते, कानाला मात्र लागते. म्हणून कानाच्या जवळ जाणारं मोजमाप, आयटीयूने 2006 साली आणलेलं बीएस 1770, वापरून दोन्ही नमुने समान केले. त्याबरोबर यंत्राची निम्मी जादू ओसरली.

दुसरी अट, कोणता नमुना कोणता हे ऐकणाऱ्याला माहीत नसावं. यासाठी एबीएक्स नावाची पद्धत आहे. डेव्हिड क्लार्क यांनी 1982 साली तिच्या उपकरणावर निबंध लिहिला. ए म्हणजे मूळ, बी म्हणजे संस्कारित, आणि एक्स या दोहोंपैकी कोणता तरी एक. एक्स कोणता ते सांगायचं. असं 16 वेळा. निव्वळ नाणं उडवत गेलं, तरी 16 पैकी 12 किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 3.8 टक्के असते. म्हणून 12 आले तर 'फरक ऐकू येतो' असं म्हणायला बऱ्यापैकी आधार मिळतो.

यंत्र जरा जास्त उघडलं तेव्हा विद्यार्थ्याचे 14 बरोबर आले. अगदी कमी ठेवलं तेव्हा 9. आमचे दोन्ही वेळा 9 आणि 8, म्हणजे नाणंच. यात आश्चर्य नाही. सत्तरी ओलांडलेल्या कानांना वरच्या पट्टीतलं फारसं ऐकू येत नाही, आणि हे यंत्र काम करतं नेमकं तिथेच. पण मग पहिल्या दिवशी 'धार' कोणी ऐकली? कानाने नक्कीच नाही.

इतकं करूनही अर्धंच काम झालं. फरक ऐकू येतो का, हा एक प्रश्न. तो फरक बरा आहे का, हा दुसरा. आणि तो त्या गायकाचा आहे का, हा तिसरा. लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं धरतात. दुसऱ्या प्रश्नासाठी घरची मंडळी आली. नातीला संस्कारित नमुना आवडला. "आजोबा खोलीत बसल्यासारखे वाटतात," ती म्हणाली. बुवांचे एक वृद्ध शिष्यही आले होते. त्यांनी ऐकलं आणि नाक मुरडलं. "बुवांचा 'स' असा चावत नसे." त्यांचं वय आमच्याहून थोरलं, त्यामुळे खोलीतल्या तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं.

इथे ह्यूम आठवला. 1757च्या अभिरुचीवरच्या निबंधात त्याने 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे. दोघे जण पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. सगळे हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते.

ध्वनीच्या बाबतीत पिंप रिकामं करता येतं. संस्कारित नमुन्यातून मूळ वजा करायचा; उरेल ते यंत्राने घातलेलं. व्यवहारात हे इतकं सरळ नसतं. आवाज यंत्रातून जाताना त्याच्या लहरी किंचित सरकतात, आणि नुसत्या सरकण्यानेही शेष उरतो. म्हणून आधी यंत्र बायपासवर ठेवून एकदा वजाबाकी केली, तिथे काय उरतं ते ऐकून ठेवलं, आणि मग खरी केली. शेषात काय निघालं? तबल्याच्या चाटेचे टोकदार ठोके, टेपच्या सरसरीवर चढलेली नवी सरसर, आणि बुवांचे 'स' आणि 'श', एकेक करून सुटे, टाचणीसारखे. वृद्ध शिष्याची किल्ली सापडली. आम्हाला ते शेष मोठ्या आवाजात आणि खालच्या पट्टीत उतरवून ऐकावं लागलं. त्या शिष्याला मात्र ते गाण्यातच खटकलं होतं. आमचा अंदाज असा, की 'स'चा चावा फक्त अगदी वरच्या पट्टीत नसतो, त्याचा काही भाग खालीही उतरतो. आणि बुवांचा 'स' त्यांनी आयुष्यभर समोर बसून ऐकला होता.

मग हे यंत्र वाईट का? तसं आम्ही म्हणणार नाही. आजच्या एखाद्या गायिकेला आपल्या नव्या गाण्यात ही चमक हवी असेल, तर ती खुशाल घ्यावी; तो तिचा निर्णय, जवारीसारखाच. मात्र कान या चमकेला फार लवकर सरावतो. अर्ध्या तासात ती कमी वाटू लागते आणि हात बटणाकडे जातो. आमच्या विद्यार्थ्याने आता नियम केला आहे: रात्री मात्रा ठरवायची, सकाळी चहाच्या आधी ऐकायची, आणि जवळपास नेहमीच कमी करायची.

टेपचं काय झालं? घरच्यांची दोन बैठकांत भांडणं झाली. शेवटी असं ठरलं, की टेप जशी आहे तशी, कोणताही संस्कार न करता, 96 किलोहर्ट्‌झ आणि 24 बिटवर उतरवून जपून ठेवायची. प्रसिद्ध करायच्या प्रतीत फक्त इक्वलायझरचा हलका हात. नातीने एक्सायटरची प्रत स्वतःपुरती मागून घेतली, तिच्यावर काय केलं आहे ते फायलीच्या नावातच लिहून. वृद्ध शिष्यांनी विचारलं, "त्या उरलेल्या टाचण्या आहेत ना, त्या कोणाला ऐकवू नका हो." आम्ही तसं कबूल केलं. म्हणून आज त्या वाजवून दाखवत नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ.