तुळशीच्या पानांतील जुळीं अम्लें

ऊंस कारखान्यास घालतांना साखरेचा उतारा किती पडला, हें विचारण्याची आपल्या बागाईतदारांस संवय आहे. तुळशीचा वाळलेला पाला अर्काच्या कारखान्यास देतांना मात्र पुष्कळजण वजनापलीकडे पाहत नाहींत. अशा अर्काचें मोल कित्येकदां त्यांतील उर्सोलिक अम्लाच्या शेंकडा प्रमाणावर ठरतें. म्हणून तें प्रमाण कसें काढतात, हें विकणारासही ठाऊक असणें अगत्याचें आहे.

हें अम्ल ट्रायटर्पीन वर्गांतलें असून सफरचंदाच्या सालींतही तें सांपडतें. तुळशीच्या पानांत त्याच्या सोबतीस ओलिअनोलिक नांवाचें दुसरें अम्ल असतें. लवंगेंतही तें आढळतें. दोहोंच्या अणुगुच्छांत कार्बनचे ३०, हायड्रोजनचे ४८ व ऑक्सिजनचे ३ अणू असतात, वजनही एकच. भेद एवढाच कीं, ओलिअनोलिकांत दोन मिथिल गट २० व्या कार्बनवर असतात, तर उर्सोलिकांत त्यांपैकीं एक १९ व्या कार्बनवर असतो. जुळीं भावंडें तीळावरून ओळखावींत, तशांतला हा प्रकार आहे.

अल्काली घालून अम्लता मोजण्याच्या रीतीस हा तीळ दिसत नाहीं. ती सर्व अम्लांची बेरीज सांगते. निवड करावयाची तर वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी, पाहिजे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेट यांनीं १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत या रीतीस हें नांव दिलें. खडूच्या भुकटीनें भरलेल्या कांचनळींतून पानांचा रंग उतरवितांना त्याचे हिरवे-पिवळे पट्टे त्यांस निरनिराळे मिळाले. तत्त्व सोपें आहे. बाजाराच्या गल्लींतून दोघे एकदम निघाले, आणि एक दुकानोदुकानीं रेंगाळला, तर गल्लीच्या टोंकास ते निरनिराळ्या वेळीं पोंचणारच.

सिलिकाच्या साध्या पट्टीवर मात्र हीं दोन अम्लें बहुधा एकाच ठिकाणीं येऊन थांबतात. विशेष उपचार केल्याविना तेथें दिसणाऱ्या एका ठिपक्यावरून दोहोंचा निवाडा होत नाहीं. याकरितां दाबाखालीं द्रव ढकलणारें यंत्र वापरतात. त्याच्या नळींतील भुकटीवर १८ कार्बनांच्या सांखळ्या जडविलेल्या असतात. बहुधा ओलिअनोलिक आधीं व उर्सोलिक मागून बाहेर पडतें. दोन्हीं रंगहीन असल्यामुळें तीं सुमारें २१० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशांत टिपून शुद्ध नमुन्याशीं ताडून पाहतात.

यांत शेतकऱ्याचा पैसा कसा गुंततो, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. पाल्यांत उर्सोलिक तीन भाग व ओलिअनोलिक एक भाग आहे. न निवडतां मोजल्यास चार भाग भरतील. निवडून मोजल्यास तीनच. करार पहिल्या रीतीनें झाला आणि तपासणी दुसऱ्या रीतीनें झाली, तर चांगल्या मालासही चौथाई खोट दिसेल. ओलाव्याचेंही तसेंच. शंभर किलो पाल्यांत दहा किलो पाणी असेल तर कोरडा माल नव्वद किलो. वीस किलो असेल तर ऐंशीच. काड्या व माती यांनीं तो आणखी घटतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. करारांत अम्लाचें नांव, मोजण्याची रीत आणि प्रमाण कोरड्या वजनावर कीं ओल्या, या तीन गोष्टी लिहून घ्याव्या. प्रत्येक पोत्यांतून मूठमूठ पाला घेऊन एकत्र करावा व त्याचे दोन सारखे भाग उभयतांच्या सहीनें मोहोरबंद करावे. एक ग्राहकाकडे द्यावा, दुसरा आपल्यापाशीं कोरड्या जागीं ठेवावा. वाद पडल्यास तोच भाग दोघांस मान्य अशा रसायनशाळेकडे धाडतां येईल, आणि वादाचा निकाल शब्दावर न लागतां मापावर लागेल.